सेकंड हँड मॉड्युलर एसएमपीएस की नवा? गावच्या लाइनवर काय पाहून घ्यायचा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असा की आर्णी तालुक्यातल्या गावात तुम्ही लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करता, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेऊन ठेवलं, आता गाडी एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला करंट पुरवणाऱ्या डब्यावर, अडली. नागपूरचा एक जण चार वर्षं वापरलेला ७५० वॅटचा गोल्ड (ब्रॉन्झपेक्षा कमी करंट वाया घालवणारा दर्जा), फुल मॉड्युलर देऊन राहिला, बॉक्स नाही, बिल नाही, केबल अर्ध्याच आहेत पण "दुसऱ्या कोणत्याही बसतात" असं म्हणते. जवळपास तेवढ्याच पैशात दुकानात नवा ५५० वॅट ब्रॉन्झ, सेमी मॉड्युलर मिळते. आणि तुम्ही विचारता की मॉड्युलर म्हणजे क्वालिटी भारीच ना, मग जुना का असेना, तो घेऊन टाकू का?

मी यवतमाळ जिल्ह्यातच रिपेरिंगचं दुकान चालवतो, तालुक्याच्या ठिकाणी, आणि माझ्याकडे येणारे निम्मे कॉम्प्युटर खेड्यातलेच राहतात, म्हणून सांगतो की तुमच्या जागी मी असतो तर पहिले हे पाहिलं असतं की हा डबा आपल्या लाइनवर, आपल्या मे महिन्यात आणि तुमच्या घरच्या इन्व्हर्टरसोबत चालते का. मॉड्युलर आहे का नाही हे त्याच्यानंतर. इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू एसी खोलीत बसून अन् न हलणाऱ्या व्होल्टेजवर केलेले राहतात, ते खोटे नाहीत पण आपल्या कामाचे अर्धेच.

मॉड्युलरचं पहिले निपटवून टाकू. साध्या एसएमपीएसमध्ये सगळ्या वायरी डब्यातून थेट बाहेर येतात. सेमीमध्ये मदरबोर्डची २४ पिन अन् बहुतेक वेळा प्रोसेसरची वायर फिक्स राहते, बाकीच्या काढता येतात. फुलमध्ये सगळ्याच निघतात. फरक एवढाच. आतलं सर्किट, कपॅसिटर, पंखा याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कंपन्या आपले महाग मॉडेल मॉड्युलर काढतात म्हणून लोकांना तसं वाटते, पण बाजारात मॉड्युलर भंगारही आहे आणि फिक्स वायरचे दणकट डबेही आहेत. फायदा नाही असं नाही, कॅबिनेटमध्ये वायरीचा गुंता कमी होते, हवा खेळते, साफसफाईला डबा झटकन बाहेर काढता येते, आणि खेड्यात एक फायदा कोणी सांगत नाही तो म्हणजे उंदरानं एक वायर कुरतडली तर तेवढीच वायर बदलता येते, पूर्ण डबा फेकावा लागत नाही. नुकसान एवढंच की जेवढे जोड जास्त तेवढी ढिलं होण्याची जागा जास्त. ग्राफिक्स कार्डची केबल डब्याच्या बाजूनं अर्धवट बसली तर तिथं पिन गरम होऊन प्लास्टिक पिवळं पडलेलं मी पाहिलं आहे, म्हणून लॉक टक करून बसेपर्यंत दाबायची आणि कॅबिनेट मोटरसायकलवर कुठं नेलं असेल तर पुन्हा एकदा दाबून पाहायची.

आता त्या नागपूरवाल्याचं वाक्य, दुसऱ्या कोणत्याही केबल बसतात. बसतात, तेच तर वांधे आहेत! केबलचं जे टोक मदरबोर्डला, कार्डला, हार्ड डिस्कला लागते ते सगळीकडे सारखं, त्याचा नियम ठरलेला आहे. पण जे टोक एसएमपीएसच्या डब्यात घुसते त्याचा कोणताच नियम नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनानं पिना लावते, आणि एकाच कंपनीच्या दोन सिरीजमध्येही फरक राहू शकते. कोर्सेरनं तर याच्यासाठी आपल्या केबलला टाइप ३, टाइप ४ असे नंबरच दिले आहेत. प्लगचा आकार सारखा म्हणून केबल आरामात बसते, पण एकाच्या ज्या पिनवर ५ व्होल्ट त्याच जागी दुसऱ्याच्या डब्यात १२ व्होल्ट.

याचं एक उदाहरण सांगतो, तुमच्याच धंद्यातलं आहे. एका फोटो स्टुडिओवाल्याचा मॉड्युलर एसएमपीएस गेला. त्यानं दुसऱ्या कंपनीचा मॉड्युलर आणला आणि कॅबिनेटच्या मागं वायरी झिप टायनं छान बांधलेल्या होत्या, कोण पुन्हा सोडते म्हणून फक्त डबा बदलला, केबल जुन्याच ठेवल्या. बटन दाबलं तर पंखा एक झटका घेऊन थांबे, त्यानं अजून दोन-तीनदा दाबून पाहिलं. माझ्याकडे आणलं तेव्हा मी डिस्क काढून ठेवल्या आणि साटाच्या, म्हणजे डिस्कला करंट देणाऱ्या, मोकळ्या प्लगवर व्होल्टेज मोजायचा मीटर लावला, जिथं ५ पाहिजे तिथं १२ च्या वर दाखवून राहिला. हार्ड डिस्कच्या हिरव्या बोर्डावर, पॉवरच्या पिनांजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा डायोड राहते, तो जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवते. तो जळून मधात भेगाळलेला होता. तो काढून टाकला आणि बरोबर केबलवर डिस्क लावली तर फिरली, लगेच डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला. एसएसडी मात्र काही केल्या वाचली नाही, ती गेलीच, आणि चालू सीझनचे प्रोजेक्ट तिच्यावरच होते. तुमच्याकडे लोकांची लग्नं पडलेली राहतात, भाऊ, ती दुसऱ्यांदा शूट नाही होत.

तर जुन्या डब्याबरोबर त्याच्याच बॉक्समधल्या ओरिजिनल केबल पूर्ण नसतील तर माझ्याकडून सौदा तिथंच कट. एखाद-दुसरी केबल कमी असेल तर त्या कंपनीची, त्याच मॉडेलला चालते असं लिहिलेली नवीन मागवा, आणि मागवली तरी डिस्क न लावता पहिले मीटरनं पाहा. एक्स्टेन्शन केबल ही वेगळी गोष्ट आहे, ती डब्यात लागत नाही, पुढच्या टोकाला लागते, तिची भीती नाही.

वॅटचं गणित पटकन करू. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ५६०० प्रोसेसर पूर्ण ताणला तर ७६ च्या आसपास, बोर्ड-रॅम-पंखे-डिस्क मिळून ५०-६० धरा. म्हणजे एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) लावून प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही ताणले तरी २५० च्या आसपास. एनव्हिडिया स्वतः या कार्डसाठी ५५० चा एसएमपीएस सुचवते आणि त्यात बरीच मोकळी जागा धरलेली आहे. ७५० नं तुमचं काही वाईट होणार नाही पण फायदाही नाही, जोपर्यंत पुढं मोठं कार्ड टाकायचा विचार नाही. फक्त वॅटचा आकडा स्टिकरवर कसा आहे ते पाहा. १२ व्होल्टच्या खाली जे अँपिअर लिहिले राहतात त्याला १२ नं गुणा. चांगल्या ५५० च्या डब्यावर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या जवळपास येते, म्हणजे ५४०. लोकल "४५० वॅट" वाल्यावर कधी १६ अँपिअर राहते, गुणा केला तर १९२. प्रोसेसर अन् कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळं खरा वॅट तोच.

आता मुख्य गोष्ट, लाइन. रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताला सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की डीपीवर लोड येऊन घरात व्होल्टेज १७०-१८० वर उतरते, आणि रात्री मोटारी बंद झाल्या की २५० च्या वर जाते. हे तुम्हाला मी काय सांगायचं. म्हणून स्टिकरवर इनपुट पाहा. तिथं १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर तो फुल रेंज आहे, १७० चं त्याला काही नाही. २००-२४० लिहिलं असेल तर १७० वर तो कधी चालेल, कधी बंद पडेल, आणि चालला तरी कंपनीनं त्याची हमी दिलेली नाही. मागं लाल रंगाचं ११५/२३० चं बटन असेल तर तो जुन्या पद्धतीचा आहे, त्यात ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट नीट, सारखा ओढणारं सर्किट) नाही, तो घेऊच नका. एवढं मात्र ध्यानात ठेवा की व्होल्टेज कमी झालं की एसएमपीएस तेवढेच वॅट काढायला करंट जास्त ओढते. ३०० वॅटला २३० वर १.३ अँपिअर लागतात तर १७० वर पावणेदोन, म्हणजे आतला रेक्टिफायर अन् पीएफसीचा भाग जास्त तापते. म्हणून सारखी लो लाइन असलेल्या गावात मी लोडच्या दुप्पट वॅटचा डबा लावतो, तुमच्या २५० ला ५५० हे त्या हिशोबानं बरोबर बसते.

इन्व्हर्टरचा मामला याच्याहून किचकट. लाइन गेली की इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ घेते, तेवढा वेळ एसएमपीएसनं आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा राहते. चांगला डबा फुल लोडच्या आसपास १६-१७ मिलिसेकंद काढते, स्वस्तातला त्याच्या कमी, आणि चार वर्षं तापून वाळलेल्या कपॅसिटरचा जुना डबा अजून कमी. घरगुती इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा खटका राहते. यूपीएस मोडवर तो साधारण १० मिलिसेकंदात बदलते, कॉम्प्युटर बंद पडत नाही. नॉर्मल मोडवर ४० पर्यंत जाऊ शकते, मग रिस्टार्ट. तुम्ही म्हणाल ठेवतो यूपीएस मोडवर. पण त्या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० च्या खालची लाइन घेतच नाही, लगेच बॅटरीवर जाते, म्हणजे तुमच्याकडे रब्बीत दिवसभर लाइन असूनही बॅटरी उतरत राहीन आणि संध्याकाळी खरी लाइन गेली की हातात काही नाही. नॉर्मल मोड १०० पर्यंतची लाइन आत येऊ देते, फुल रेंज एसएमपीएस ती पचवते, पण लाइन गेल्याबरोबर कॉम्प्युटर झोपते. याच्यावर मी लोकांना हे करून देतो की इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवायचा आणि कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस, जो फक्त सेव्ह करून बंद करण्याएवढी पाच-दहा मिनिटं देईल. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅटच, मॉनिटर धरून तुम्ही २८० च्या घरात जाता, चालते पण काठावर, बॅटरी एक वर्ष जुनी झाली की एक्सपोर्टच्या मधातच टीं टीं करून बसेल. १००० व्हीए बरा.

आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह, म्हणजे लाइनसारखी गोल लाट न देता चौकोनी लाट देणारा, असेल तर अजून एक भानगड. ॲक्टिव्ह पीएफसीचे डबे, म्हणजे आजचे सगळेच चांगले डबे, स्क्वेअर वेव्हवर घुं घुं आवाज करतात, काही बॅटरीवर येताच ट्रिप होतात. मग माणूस म्हणते एसएमपीएस खराब निघाला, दुकानदाराशी भांडते. छोट्या यूपीएसपैकीही बरेच बॅटरीवर पायरी-पायरीचीच वेव्ह देतात. कोणता डबा कोणत्या यूपीएसवर चालेल हे कागदावरून शंभर टक्के सांगता येत नाही, म्हणून नवा घेताना दुकानदाराला बोला की माझ्या यूपीएसवर लावून, लोड देऊन, मेन पिन काढून दाखव.

डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकते, तिथं गोल्ड-प्लॅटिनम काही कामाचं नाही, आतला एमओव्ही (जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) फुटते आणि नशीब असलं तर तेवढ्यावर भागते. त्याच्यासाठी घरच्या विजेच्या मीटरजवळ हाय-लो व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या. रिलेचा स्टॅबिलायझर फुल रेंज डब्याला लो व्होल्टेजसाठी लागत नाही, उलट त्याचा खटखट बदलतानाचा झटका नको.

गरमीचं. गोल्ड-ब्रॉन्झ हे फक्त किती करंट वाया जाते त्याचं मोजमाप आहे, टिकण्याचं सर्टिफिकेट नाही, आणि ती टेस्ट २३ डिग्रीच्या खोलीत होते. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४४-४५ राहते, कॅबिनेटच्या आत अजून जास्त. बिलात गोल्डनं किती वाचते? २५० वॅटच्या लोडवर ब्रॉन्झ २९४ ओढते आणि गोल्ड २७८ असं धरलं तर १६ वॅटचा फरक, रोज आठ तास पूर्ण लोडवर चालवलं तरी महिन्याला चार युनिटही नाही. पण ते १६ वॅट डब्याच्या आत उष्णता होऊन बसत नाहीत, हा खरा फायदा. त्याच्याहून जास्त मी हे पाहतो की कंपनी फुल वॅट किती डिग्रीला देते, ४० का ५०, आणि मेन कपॅसिटर १०५ डिग्रीचा आहे का ८५ चा. कपॅसिटर १० डिग्री जास्त तापला की त्याचं आयुष्य जवळपास अर्धं होते असा या धंद्यातला हिशोब आहे. चार वर्षं नागपूरच्या उन्हात काढलेल्या डब्याचं मग काय उरलं ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.

आणि कूलर! कॅबिनेट कूलरच्या सरळ तोंडासमोर ठेवू नका. लोकांना वाटते थंड हवा लागते, चांगलं आहे. ती हवा ओली राहते, त्यात वाळ्याचा कचरा आणि कापसाच्या सीझनची राहिलेली बारीक रूई, हे सगळं एसएमपीएसच्या पंख्यातून आत जाऊन ट्रान्सफॉर्मरभोवती करडा लगदा बनते. असा डबा उघडला की ओल्या कुट्टीसारखा वास येते. डबा तुम्ही उघडू नका बरं, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३८०-४०० व्होल्ट उरलेले राहू शकतात. बाहेरून ब्लोअर मारा, पंखा काडीनं धरून, नाहीतर तो उलटा-सुलटा गरगर फिरून बेअरिंग जाते.

तुम्ही शेवटी लिहिलं की आताच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण लागते म्हणून नवा एसएमपीएस पाहिजे. ते नवा घेऊन जाणार नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर लाइन-न्यूट्रलवरून बॉडीला जोडलेले राहतात, आर्थिंग नसेल तर बॉडीवर लाइनच्या निम्मं व्होल्टेज तरंगते, करंट अगदी कमी म्हणून नुसती झिणझिण. फुल मॉड्युलर प्लॅटिनम लावला तरी ती राहीनच. भिंतीच्या बोर्डाची तिसरी मोठी पिन मोकळी आहे का पाहा, अंगणात कोळसा-मीठ टाकून आर्थिंगचा खड्डा करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी ओता. झिणझिण जाऊन जोरात झटका बसायला लागला तर मात्र ते वेगळं, ताबडतोब पिन काढा.

जुना डबा पाहायलाच जायचं असेल तर ग्रीन-ब्लॅक वायर जोडून पंखा फिरवून दाखवतील त्याला भुलू नका, त्यानं डबा चालू होते एवढंच कळते. त्यांच्याच चालू कॉम्प्युटरवर, गेम किंवा एक्सपोर्ट लावून, मोलेक्सच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चार पिनच्या, मोकळ्या प्लगवर मीटर धरा. मॉड्युलरच्या वायरी बहुतेक सगळ्या काळ्या राहतात, रंग शोधत बसू नका, चार पिनांपैकी एका टोकाची १२, दुसऱ्या टोकाची ५, मधल्या दोन ग्राउंड. १२ चं ११.४ ते १२.६ च्या आत पाहिजे आणि ५ चं ४.७५ ते ५.२५. पण मी आत असण्यापेक्षा हलते किती ते पाहतो. मोकळा असताना १२.१ आणि लोडवर १२.० तर बढिया, मोकळा १२.२ आणि लोडवर ११.५ तर नियमात बसूनही मी घेणार नाही. सॉफ्टवेअरमधले व्होल्टेज सोडा, ते काहीही दाखवतात. मीटरनं रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागते, तो ना त्याच्याकडे राहणार ना तुमच्याकडे, आणि जुना कपॅसिटर पहिले तिथंच बिघडते.

म्हणून मी म्हणतो नवा ५५० ब्रॉन्झ सेमी मॉड्युलर घ्या, पण तीन गोष्टी स्टिकरवर आणि बॉक्सवर पाहूनच, इनपुट १००-२४०, १२ व्होल्टवर जवळपास पूर्ण वॅट, आणि पाच वर्षांची वॉरंटी. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, क्लेमच्या वेळी तोच कामात येते. नागपूरच्या डब्याचं बिल, उरलेली वॉरंटी आणि ओरिजिनल केबलची पिशवी तिन्ही निघाली, मॉडेल नावाजलेलं असलं आणि भाव निम्म्यावर आला तर माझं मत बदलू शकते, आज जे तुम्ही लिहिलं त्यावर नाही. वर जे पैसे टाकायची तयारी असेल ते यूपीएस आणि आर्थिंगमध्ये टाका. तुमच्या इन्व्हर्टरचं मॉडेल आणि बॅटरी किती एएचची आहे ते लिहा, सोबत एकदा रात्री आणि एकदा दुपारी मोटारी चालू असताना बोर्डातलं व्होल्टेज मोजून टाका, मग यूपीएस ६०० चा पुरते का १००० चाच लागते ते पक्कं सांगतो.